स्तन पुनर्रचना

स्तन पुनर्रचना ही कर्करोगामुळे किंवा अन्य कारणाने काढून टाकलेल्या स्तनाचा उंचवटा व आकार पुन्हा घडवण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. ती प्लास्टिक सर्जरी या शाखेत मोडते. स्तनछेदनाच्या वेळीच केल्यास तिला तात्काळ पुनर्रचना आणि उपचार पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी केल्यास विलंबित पुनर्रचना म्हणतात. नवा स्तन सिलिकॉनच्या रोपणाने म्हणजे इम्प्लांटने, रुग्णाच्या पाठीच्या वा पोटाच्या ऊतींनी किंवा दोहोंच्या साहाय्याने घडवला जातो. या शस्त्रक्रियेने दूध निर्माण करणारी ग्रंथी परत मिळत नाही आणि पूर्वीची संवेदनाही बहुधा पूर्णपणे परतत नाही. शल्यविशारदाच्या हाती असतो तो मुख्यतः आकार, म्हणूनच नैसर्गिक आकार कसा साधावा हा या शाखेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२० साली देशात त्याचे सुमारे १ लाख ७८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर रुग्णालय गाठणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे मोठे असल्याने संपूर्ण स्तन काढण्याची वेळही अधिक जणींवर येते. पुनर्रचना मात्र त्यांपैकी थोड्याच जणींची होते.

पूर्वपीठिका

शरीराच्या एका भागातील कातडी तिचा रक्तपुरवठा न तोडता दुसऱ्या भागावर वळवण्याचे तंत्र भारतात जुने आहे. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याची पद्धत वर्णिलेली आहे. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली नोंद पुण्याची आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्यात एका पारंपरिक वैद्याने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले. हे वर्णन लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या विद्येकडे वळले. त्या वैद्याने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक तयार केले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने रेघ आखून तेवढीच कातडी उचलली. सपाट कातडीतून उठावदार अवयव घडवायचा तर साचा आधी ठरवावा लागतो, हा धडा स्तनाच्या बाबतीतही तसाच लागू पडतो.

स्तनाच्या पुनर्रचनेचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ मधला आहे. जर्मनीतील हायडलबर्ग येथे व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या कमरेजवळची चरबीची गाठ काढून ती स्तनाच्या जागी बसवली. इटलीतील इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा रुंद स्नायू व त्यावरील कातडी पुढे आणण्याची पद्धत मांडली. पण त्या काळावर अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांचा प्रभाव होता. त्यांच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील गाठीही काढल्या जात, आणि जखमेवर नव्या ऊती आणून बसवणे त्यांना मान्य नव्हते. परिणामी तान्सिनींची पद्धत जवळजवळ सत्तर वर्षे विस्मरणात गेली. ती १९७० च्या दशकात पुन्हा वापरात आली आणि आज भारतात सर्वाधिक भरवशाच्या पद्धतींपैकी एक मानली जाते.

सिलिकॉनचे पहिले रोपण टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी १९६२ मध्ये बसवले. कार्ल हार्टरॅम्फ यांनी १९८२ मध्ये पोटाच्या खालच्या भागातील कातडी, चरबी व उदरस्नायू वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायू न कापता केवळ त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेण्याचा मार्ग जपानच्या इसाओ कोशिमा यांनी १९८९ मध्ये दाखवला, आणि अमेरिकेच्या रॉबर्ट अ‍ॅलन यांनी १९९४ मध्ये तो स्तनासाठी रूढ केला. हा ‘डीआयईपी फ्लॅप’ होय. आपल्याच रक्तपुरवठ्यासह हलवलेल्या ऊतींच्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात.

भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी या शाखेचा पाया घातला. ते ब्रिटनमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकले होते. या पिढीचा बराचसा काळ भाजलेले रुग्ण, दुभंगलेले ओठ आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेले हात व चेहरे यांवरील उपचारांत गेला. स्तनाकडे या शाखेचे लक्ष नंतर वळले.

आकाराचे घटक

स्तनाचा आकार बाहेरून एक गोलाई म्हणून दिसत असला तरी तो तीन गोष्टींनी ठरतो. बेल्जियममधील घेन्ट येथील फिलिप ब्लोंडील व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही मांडणी रूढ केली. पहिली गोष्ट म्हणजे स्तनाचा छातीवरील पाया, दुसरी त्या पायावर उभा राहणारा शंकूसारखा घनभाग आणि तिसरी त्यांना झाकणारी कातडी. या तिन्हींपैकी काय शिल्लक आहे व काय गेले आहे हे आधी पाहावे आणि मग याच क्रमाने बांधकाम करावे, असे हे तत्त्व सांगते. पाया चुकला तर वरची गोलाई कितीही सुबक असली तरी स्तन चुकीच्या जागी बसल्यासारखा दिसतो.

पाया साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या बरगडीदरम्यान, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो. त्याची सर्वांत महत्त्वाची सीमा म्हणजे स्तनाखालची घडी. या ओळीवर कातडी खालच्या पडद्याशी घट्ट बांधलेली असते. स्तनछेदनात ती सैल झाली वा कापली गेली, तर टाके घालून ती पुन्हा छातीशी बांधावी लागते. घडी एखादा सेंटिमीटर जरी वर-खाली झाली तरी दोन्ही बाजूंतील फरक साध्या चोळीतही लक्षात येतो. म्हणून घडी, मध्यरेषा व पायाची रुंदी यांच्या खुणा शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्ण उभी असतानाच शाईने आखून घेतात. आडवे झाल्यावर स्तन बाजूला पसरतो आणि खुणा फसवतात. शस्त्रक्रिया चालू असतानाही टेबलाची पाठ उचलून रुग्णाला बसते केले जाते व दोन्ही बाजू ताडून पाहिल्या जातात.

घनभागाच्या बाबतीत नैसर्गिक स्तन हा अर्धगोल नसतो, ही गोष्ट सर्वसाधारण वाचकाच्या लक्षात आलेली नसते. उभ्या स्थितीत त्याचा वरचा भाग हळूहळू उतरत येणारा, सरळ वा किंचित आत वळलेला असतो, आणि भरीवपणा खालच्या भागात असतो. ब्रिटनमधील पॅट्रिक मलूची यांनी १०० मॉडेल स्त्रियांच्या छायाचित्रांचे मापन करून २०१२ मध्ये स्तनाग्राच्या रेषेच्या वरचा भाग ४५ टक्के व खालचा ५५ टक्के असे प्रमाण मांडले. हे प्रमाण शस्त्रक्रियेत दिशा दाखवण्यापुरते उपयोगी आहे. मूल अंगावर पाजलेल्या पन्नाशीच्या स्त्रीच्या दुसऱ्या स्तनाशी जुळणारा आकार हवा असतो, तेव्हा ते कामाचे नाही. तेथे खरे माप म्हणजे तिचाच उरलेला स्तन. तात्काळ पुनर्रचनेत काढलेल्या स्तनाचे वजन करून तेवढीच ऊती भरण्याचा प्रयत्न केला जातो. विलंबित पुनर्रचनेत ही सोय राहत नाही.

कातडीचा प्रश्न बहुधा शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवशीच सुटतो किंवा कायमचा अडतो. १९९१ मध्ये ब्राइअंट टॉथ व पॅट्रिक लॅपर्ट यांनी कातडी राखून स्तनछेदन करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत स्तनाग्र काढून आतली ग्रंथी तेवढ्याच छेदातून बाहेर घेतली जाते व मूळ कातडीची पिशवी शाबूत राहते. त्या पिशवीत फ्लॅप किंवा रोपण भरले की आकार जवळजवळ आपोआप येतो. कारण साचा मूळचाच असतो. निवडक रुग्णांत स्तनाग्रही राखता येते. गाठ कातडीत शिरलेली असेल, तर अर्थातच हे शक्य नसते. विलंबित पुनर्रचनेत छाती सपाट होऊन व्रणाने आवळलेली असते. तेथे कातडी बाहेरून आणावी लागते आणि आणलेल्या कातडीचा वेगळा रंग व कडेचा व्रण कायम दिसत राहतो.

पद्धती

रोपणाने केलेली पुनर्रचना सर्वांत कमी वेळाची असते आणि शरीरावर दुसरी जखम होत नाही. कातडी अपुरी असल्यास आधी टिश्यू एक्सपांडर नावाची रिकामी पिशवी बसवतात आणि काही आठवडे ठरावीक अंतराने सुईने तीत सलाइन भरून कातडी ताणत नेतात. मग ती काढून कायमचे रोपण बसते. आकाराच्या दृष्टीने रोपणाची मर्यादा अशी की ते गोल व उंच राहते आणि दुसऱ्या स्तनासारखे वयाबरोबर उतरत नाही. त्याभोवती शरीर तंतूंचे वेष्टन तयार करते. ते आवळत गेले तर स्तन कडक व विद्रूप होतो आणि काही वेळा दुखतो. किरणोपचार झालेल्या छातीत असे होण्याचे प्रमाण बरेच वाढते. रोपण आयुष्यभराचे नसते, ते पुढे बदलावे लागू शकते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तशी रोपणे जगभरातून परत घेतली.

पाठीच्या स्नायूचा फ्लॅप काखेतून पुढे आणला जातो. त्याची रक्तवाहिनी जाड व खात्रीची असते, सूक्ष्मदर्शकाची गरज लागत नाही आणि शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते. लहान वा मध्यम आकाराचा स्तन त्यातून चांगला घडतो. मोठा असल्यास खाली रोपण किंवा जास्तीची चरबी घालावी लागते. स्नायू कालांतराने रोडावतो, म्हणून सुरुवातीला आकार थोडा मोठाच ठेवतात.

पोटाच्या ऊतींनी घडवलेला स्तन आकाराने व स्पर्शाने मूळच्या सर्वांत जवळ जातो. बेंबीखालची चरबी मऊ असते. ती दुमडून शंकू करता येते, ती स्वतःच्या भाराने खाली उतरते आणि रुग्णाचे वजन वाढले वा घटले तर तीही वाढते-घटते. डीआयईपी पद्धतीत ही ऊती पूर्णपणे वेगळी करून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील रक्तवाहिन्यांना जोडतात. याला सहा ते आठ तास, कधी अधिकही लागतात. नंतरचा पहिला दिवस-रात्र फ्लॅपचा रंग व ऊब दर तासाला तपासली जाते, कारण जोडात रक्ताची गुठळी झाली तर काही तासांतच पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. अनुभवी केंद्रांतही शंभरात एक ते पाच फ्लॅप निकामी होतात. महाराष्ट्रातील रुग्णांबाबत तीन बाबी आवर्जून विचारल्या जातात. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा अडचण करत नाही, पण पोटावरच्या जुन्या उभ्या व्रणापलीकडे रक्तपुरवठा पोचत नाही व अर्धीच ऊती वापरता येते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची जागाही पाहून घ्यावी लागते. तिसरी बाब मिश्रीची. दात घासायला वा गालात धरायला तंबाखूची मिश्री वापरणाऱ्या स्त्रिया राज्यात पुष्कळ आहेत आणि ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू मानत नाहीत. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीच्या कडा काळ्या पडतात. म्हणून मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे लागते आणि शस्त्रक्रियेआधी किमान काही आठवडे ती बंद ठेवावी लागते.

किरणोपचाराचा परिणाम

मोठी गाठ किंवा काखेतील अनेक बाधित गाठी असल्यास स्तनछेदनानंतर किरणोपचार द्यावे लागतात. त्यांनी कातडी घट्ट होते, चरबी आकसते आणि नव्याने घडवलेला स्तन लहान व वर ओढल्यासारखा होऊ शकतो. त्यामुळे किरणोपचार लागणार असे दिसत असल्यास अनेक शल्यविशारद आधी तो उपचार पुरा करून सहा महिने ते वर्षभराने पोटाच्या वा पाठीच्या ऊतींनी पुनर्रचना करणे पसंत करतात. भारतात उशिरा निदान होणाऱ्या रुग्णांत हा प्रसंग वारंवार येतो. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटण्याची शक्यता वाढते असे आढळलेले नाही. मात्र तात्काळ पुनर्रचनेची जखम चिघळली तर रसायनोपचार लांबतात, आणि हा धोका आधी तोलावा लागतो.

समरूपता, स्तनाग्र आणि नंतरचे टप्पे

नैसर्गिक आकार एका शस्त्रक्रियेत क्वचितच पूर्ण होतो. काही महिन्यांनी सूज उतरल्यावर कडांवरील खळगे पोट वा मांडीतून काढलेल्या चरबीच्या बारीक इंजेक्शनांनी भरतात. दुसरा स्तन मोठा वा अधिक उतरलेला असल्यास तो लहान करणे किंवा उचलणे हाही या उपचाराचाच भाग मानला जातो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्तनछेदनाचा खर्च देणाऱ्या विमा कंपन्यांना पुनर्रचनेचा व दुसऱ्या स्तनाच्या जुळणीचाही खर्च देणे बंधनकारक झाले.

स्तनाग्र सर्वांत शेवटी, तिथल्याच कातडीचे छोटे पट गुंडाळून उभारतात. पुढच्या काही महिन्यांत त्याची उंची बरीच कमी होते, म्हणून ते आधीच जवळजवळ दुप्पट उंच करतात. भोवतालचे वर्तुळ गोंदून रंगवले जाते. कपाळावर व हातांवर गोंदून घेण्याची परंपरा असलेल्या ग्रामीण स्त्रीला हा टप्पा समजावून सांगणे बहुधा सर्वांत सोपे जाते. गोंदण काही वर्षांनी फिकट होते व पुन्हा करावे लागते.

संवेदना गेलेल्या कातडीला उष्णता कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना किंवा चुलीजवळ काम करताना भाजण्याच्या घटना यामुळे घडतात.

निवड आणि ग्रामीण संदर्भ

पाठ्यपुस्तकात श्रेष्ठ ठरलेली पद्धत प्रत्येकीसाठी श्रेष्ठ असतेच असे नाही. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या शिरपूर जैनसारख्या गावाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. या भागात सोयाबीन, तूर व कपाशीची शेती आहे आणि निंदणी, सोंगणी व कापूस वेचणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. उदरस्नायू उचलण्याच्या जुन्या पद्धतीत पोटाची भिंत दुबळी होते. वाकून तासन्‌तास काम करणाऱ्या आणि डोक्यावर भारे वाहणाऱ्या स्त्रीला तेथे हर्निया होण्याचा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही. पाठीचा रुंद स्नायू खाली ओढण्याच्या हालचालीत कामी येतो. तो काढल्यावर रोजच्या व्यवहारात फारसे अडत नाही, पण विहिरीतून पाणी शेंदताना किंवा विळ्याने सोंगणी करताना खांदा लवकर थकतो. स्नायू राखणारी डीआयईपी पद्धत या दृष्टीने सरस, पण सूक्ष्मरक्तवाहिनी शस्त्रक्रियेची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. एक्सपांडरची पद्धत शरीराला सोपी, परंतु पिशवी भरण्यासाठी दर आठवड्या-पंधरवड्याला शहर गाठणे, बरोबर एक माणूस नेणे व त्या दिवसाची मजुरी बुडवणे ही तिची खरी किंमत आहे. म्हणून दूरच्या रुग्णासाठी एकाच मुक्कामात पुरी होणारी पाठीच्या फ्लॅपची शस्त्रक्रिया पुष्कळदा व्यवहार्य ठरते. आकारात ती थोडी उणी असली तरी.

पश्चिम विदर्भातील रुग्ण कर्करोगावरील उपचारांसाठी प्रामुख्याने अकोला व नागपूरकडे जातात. अकोल्यात संत तुकाराम रुग्णालय, तर नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहेत. अनेक जण मुंबईच्या परळ भागात १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातही जातात. कर्करोग रुग्णांना रेल्वे व एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार समाविष्ट आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेचे नाव २०१७ मध्ये बदलले. विशिष्ट पुनर्रचना योजनेच्या यादीत बसते की नाही, याची माहिती संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे मिळते. ही चौकशी स्तनछेदनाच्या आधीच होणे महत्त्वाचे असते. कातडी राखायची की नाही हे त्याच शस्त्रक्रियेत ठरते, आणि पुनर्रचनेचा विषय स्तनछेदनानंतर प्रथम निघाला तर आकार साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोवर बंद झालेला असतो.

पुनर्रचनेविना

अनेक स्त्रिया पुनर्रचना नको असे ठरवतात आणि हा निर्णयही वैद्यकीयदृष्ट्या तितकाच योग्य असतो. अशा वेळी जास्तीच्या कातडीच्या घड्या न ठेवता छाती नीट सपाट शिवणे, विशेषतः काखेकडील लोंबती कड काढणे, हे शल्यविशारदाचे कौशल्याचे काम आहे. ते घाईत उरकले गेल्यास चोळीची शिवण कायम टोचत राहते. बाहेरून वापरायचे सिलिकॉनचे कृत्रिम स्तन वजनदार असल्याने खांद्यांचा तोल राखतात, पण ते महाग असतात व उन्हाळ्यात घामाने त्रास देतात. सुती दोऱ्याने विणलेले, आत कृत्रिम कापूस भरलेले हलके पर्यायही वापरात आहेत. कित्येक जणी चोळीला आतून खिसा शिवून त्यात घरचाच कापूस भरतात. असा कापूस हलका असल्याने हात वर करताच वर सरकतो, म्हणून खिसा खालच्या शिवणीला पक्का बांधावा लागतो.